स्टूल अँटिजेन निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह, पेप्सिनोजेन खाली: कुठला आकडा खरा धरायचा?

काउंटरमागून (फोंडा)

माझ्या औषधाच्या दुकानात नेहमी येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचे रिपोर्ट त्यांना विचारून, ओळख काढून टाकून इथे देतो. पुरुष, वय ५४. वडील जठराच्या कॅन्सरने गेले. यांची तक्रार म्हणजे जेवल्यावर पोट गच्च होणं, ढेकर, अधूनमधून जळजळ. गिळताना अडत नाही, वजन उतरलेलं नाही, शौचाला काळं होत नाही.

रक्ताच्या पॅकेजमधले आकडे असे. पेप्सिनोजेन १: २४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. पेप्सिनोजेन २: १३. दोहोंचं गुणोत्तर १.८. उपाशीपोटी गॅस्ट्रिन-१७ (जठराला आम्ल करायला सांगणारं हार्मोन): ३२ पिकोमोल प्रति लिटर. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूविरुद्धची आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह. सीईए आणि सीए ७२-४ हे ट्यूमर मार्कर नॉर्मल. हिमोग्लोबिन ११.८, बाकी रक्त ठीक. नंतर वेगळी करून घेतलेली शौचाची एच. पायलोरी अँटिजेन तपासणी मात्र निगेटिव्ह.

अँटिजेन निगेटिव्ह म्हणजे जंतू नाही, मग आयजीजी पॉझिटिव्ह कसं? रिपोर्टाखाली 'ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिसची शक्यता' (जठराचं अस्तर सुजून झिजणं) असं छापलंय, आणि घरच्यांनी त्याचा अर्थ थेट कॅन्सर असा लावलाय. ट्यूमर मार्कर नॉर्मल आहेत एवढं सांगून त्यांना धीर द्यावा का? आणि आधी जंतूचा १४ दिवसांचा कोर्स, की आधी एंडोस्कोपी?


स्लाइडकाच (मडगाव)

ट्यूमर मार्करवरून धीर देऊ नका, हे पहिलं. जठराचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा सीईए आणि सीए ७२-४ बहुतेकांत नॉर्मलच असतात. त्यांचा उपयोग निदान झाल्यावर, उपचाराचा माग ठेवायला. पॅकेजमध्ये ते असतात कारण पॅकेज भरगच्च दिसावं लागतं.

पेप्सिनोजेन हा वेगळ्या जातीचा मार्कर आहे. तो कॅन्सर मोजत नाही, जठराच्या अस्तरात ग्रंथी किती उरल्यात ते मोजतो. जठराचे ढोबळ दोन भाग धरा: वरचा मोठा, आम्ल तयार करणारा कॉर्पस, आणि खालचा, आतड्याकडे उघडणारा ॲन्ट्रम. पेप्सिनोजेन १ वरच्या भागातल्या ग्रंथींतच तयार होतं. पेप्सिनोजेन २ सगळ्या जठरात आणि ड्युओडेनमच्या सुरुवातीलाही होतं. जंतूमुळे सूज येते तेव्हा दोन्ही वाढतात, पण २ जास्त वाढतं, म्हणून गुणोत्तर घसरायला लागतं. सूज वर्षानुवर्षं राहून वरच्या ग्रंथी झिजल्या की १ चा कारखानाच बंद पडतो आणि २ चालू राहतं. मग १ चा आकडा आणि गुणोत्तर दोन्ही खाली येतात.

जपानमध्ये रुळलेली सीमा अशी: पेप्सिनोजेन १ सत्तर किंवा कमी, आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, दोन्ही एकत्र असेल तरच 'पॉझिटिव्ह'. ३० आणि २ किंवा त्याखाली गेलं तर तीव्र झीज. तुमचे २४ आणि १.८ या शेवटच्या खणात बसतात. फक्त किट कुठलं ते पाहा. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि काही किटांची सीमाच मुळात ३० असते. किडनी निकामी असेल तर पेप्सिनोजेन खोटं वर जातं, जठराचा भाग कापलेला असेल तर खोटं खाली.

जपानमध्येच आयजीजी आणि पेप्सिनोजेन जोडून चार गट करतात. 'अ' म्हणजे दोन्ही निगेटिव्ह. 'ब' म्हणजे जंतू आहे, अस्तर शाबूत. 'क' म्हणजे जंतूही आहे, झीजही आहे. 'ड' म्हणजे झीज आहे पण जंतूची खूण नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला 'ड' हा 'क' पेक्षा बरा वाटतो. प्रत्यक्षात धोका 'ड' मध्ये सर्वांत जास्त. अस्तर इतकं झिजलेलं असतं, आम्ल इतकं कमी झालेलं असतं, की एच. पायलोरीलाच तिथे राहणं जमत नाही. नंतर अँटिबॉडीही ओसरतात. तुमचं गिऱ्हाईक 'क' मध्ये आहे, पण अँटिजेन निगेटिव्ह पाहता 'ड' च्या दिशेने निघालेलं असू शकतं. म्हणून अँटिजेन निगेटिव्ह ही इथे सुटकेची बातमी धरू नका.

घरच्यांना सांगायचं ते एवढं: ही झीज म्हणजे कॅन्सर नव्हे. पेलायो कोरिया यांनी मांडलेली पायऱ्यांची उतरण अशी आहे: जुनाट सूज, मग झीज, मग जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवणं म्हणजे इंटेस्टिनल मेटाप्लेसिया, मग डिस्प्लेसिया म्हणजे पेशी बिघडायला लागणं, मग कॅन्सर. एकेका पायरीला वर्षं, कधी दशकं लागतात आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी थांबतात. पण कोण कुठल्या पायरीवर आहे ते रक्त सांगत नाही, बायोप्सी सांगते.


मांडवीपार (पणजी)

दोन गोष्टी सुटल्यात.

पहिली: हिमोग्लोबिन ११.८ ला 'बाकी रक्त ठीक' म्हणू नका. प्रौढ पुरुषात १३ च्या खाली ॲनिमिया. चोपन्न वर्षांचा पुरुष, वडिलांना जठराचा कॅन्सर, पोटाची तक्रार आणि ॲनिमिया, एवढं असेल तर एंडोस्कोपी करायची की नाही हा प्रश्नच संपला. पेप्सिनोजेन शंभर असतं तरी केली असती. त्याच रिपोर्टात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हा आकडा शोधा आणि इथे लिहा.

दुसरी: हे गृहस्थ ॲसिडिटीची गोळी घेतात का? पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, म्हणजे पीपीआय गटातली काहीही. तुमच्याच दुकानातून घेत असतील. या गोळ्यांनी जंतूंची संख्या घटते आणि ते ॲन्ट्रममधून वरच्या भागात सरकतात. मग स्टूल अँटिजेन, श्वासाची युरिया तपासणी आणि एंडोस्कोपीत करतात ती रॅपिड युरिएज, तिन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. नियम साधा आहे. पीपीआय तपासणीआधी १४ दिवस बंद. अँटिबायोटिक आणि बिस्मथ ४ आठवडे बंद. फॅमोटिडीन एक-दोन दिवस. घसादुखीसाठी महिन्याभरात अझिथ्रोमायसिन झालंय का, हेही विचारा, कारण लोक ते औषधात धरतच नाहीत.

आयजीजीला या गोळ्यांनी फरक पडत नाही. तिची खोड वेगळी. ती जंतूची नव्हे, शरीराच्या आठवणीची तपासणी आहे. जंतू गेल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षं पॉझिटिव्ह राहते. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांना हा संसर्ग झालेला असतो, तोही बहुधा लहानपणी, घरातल्या घरात. म्हणून नुसत्या आयजीजीवर औषध देणं मला पटत नाही. पण अस्तर झिजलेलं असेल, किंवा पीपीआय थांबवता येत नसेल, आणि जंतूवर पूर्वी कधीच उपचार झाला नसेल, तर तिथे आयजीजीला वजन येतं. बाकीच्या तपासण्या अशा पोटात आंधळ्या होतात.

पीपीआयने आणखी एक गंमत होते. गॅस्ट्रिन वर जातं आणि पेप्सिनोजेन १ सुद्धा वर जातं. म्हणजे गोळी चालू असूनही १ चा आकडा २४ असेल तर गोळीचं निमित्त सांगता येणार नाही. तो गोळीशिवाय याहून कमीच असता. गॅस्ट्रिन ३२ मात्र गोळीमुळे आहे की झिजेमुळे, हे त्या आकड्यावरून ठरणार नाही.


काउंटरमागून (फोंडा)

बरोबर ओळखलंत. पँटोप्राझोल ४०, सकाळी एक, तीन वर्षं सलग. अँटिजेनच्या वेळीही चालूच होती, प्रयोगशाळेत कोणी विचारलं नाही. जंतूवर आधी उपचार झालेला नाही. मेटफॉर्मिन नाही, मधुमेह नाही. एमसीव्ही १०२ आहे.

एंडोस्कोपी ठरवतायत. बायोप्सी 'घ्या' एवढंच डॉक्टरांना सांगायचं, की काही नेमकं? आणि घरी सगळ्यांना वाटतंय की सुक्या मासळीने झालं. वर्षभर जेवणात सुका बांगडा असतो.


स्लाइडकाच (मडगाव)

एमसीव्ही १०२ ने चित्र बदललं. लाल पेशी मोठ्या आहेत म्हणजे बी-१२ कडे पाहायला हवं. कॉर्पस झिजलं की बी-१२ शोषायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टरही घटतो. याला दोन वाटा आहेत. एक एच. पायलोरीची जुनी सूज. दुसरी ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस, ज्यात शरीर स्वतःच आम्ल करणाऱ्या पेशींवर उठतं. दुसऱ्या प्रकारात कॉर्पस उजाड आणि ॲन्ट्रम शाबूत असा नकाशा मिळतो. गॅस्ट्रिन ॲन्ट्रममध्ये बनतं, ते शाबूत असल्यामुळे भरपूर वाढतं, आणि जठरात न्यूरोएन्डोक्राइन गाठी येण्याची शक्यताही वाढते. अर्थात तीन वर्षांच्या पीपीआयनेही बी-१२ कमी होऊ शकतं, तो वाटा वेगळा काढावा लागेल. रक्तात बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), पॅरायटल सेल (आम्ल करणाऱ्या पेशी) अँटिबॉडी आणि इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी करून घ्या. बी-१२ चं इंजेक्शन त्याआधी देऊ नका, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता बायोप्सी. या दोन वाटांतला फरक बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर ठरतो, म्हणून हे नेमकं सांगा. सिडनी पद्धतीप्रमाणे पाच तुकडे: ॲन्ट्रमचे दोन (लहान वळणाकडचा एक, मोठ्या वळणाकडचा एक), दोन भागांच्या सांध्यावरच्या कोनातून म्हणजे इन्सिझुरातून एक, कॉर्पसचे दोन, पुन्हा दोन्ही वळणांकडचे. ॲन्ट्रम आणि इन्सिझुरा एका बाटलीत, कॉर्पस दुसऱ्या बाटलीत. डोळ्यांना वेगळं दिसणारं काहीही, डाग, खळगा, उंचवटा, तिसऱ्या बाटलीत. प्रत्येकीवर जागा लिहिलेली.

काय बिघडतं ते सांगतो. सर्रास दिसणारा प्रकार: ॲन्ट्रममधून एक तुकडा काढून युरिएजच्या पिवळ्या जेलीत टाकतात, गुलाबी झाली नाही की 'एच. पायलोरी निगेटिव्ह, ॲन्ट्रल गॅस्ट्रायटिस' असा कागद हातात येतो. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच गेलेलं नसतं. तुमच्या गिऱ्हाइकात तर झीज वरच्या भागात असणार, म्हणजे नेमका जिथे पाहायचा तिथला तुकडाच नाही. दुसरा प्रकार: पाचही तुकडे एकाच बाटलीत. मग ग्रंथी नसलेला एखादा तुकडा ॲन्ट्रमचा आहे की कॉर्पसचा, कोण सांगणार? कॉर्पसच्या ग्रंथी जाऊन तिथे ॲन्ट्रमसारखं अस्तर येणं हीच तर झिजेची एक खूण, आणि चिठ्ठीशिवाय ती 'नॉर्मल ॲन्ट्रम' म्हणून वाचली जाते. तिसरा: तुकडा फारच वरवरचा, ग्रंथींच्या तळापर्यंत पोचलेला नाही. अशावर झीज किती, हे आम्हाला लिहिता येत नाही आणि आम्ही लिहीतही नाही.

तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, द्रव तुकड्याच्या निदान दहापट. मागणीच्या कागदावर 'पीपीआय ३ वर्षं, पेप्सिनोजेन १: २४, वडिलांना जठराचा कॅन्सर' असं लिहा. ते वाचून पॅथॉलॉजिस्ट जंतू दिसावा म्हणून गिम्साचा रंग देतो, मेटाप्लेसियासाठी अल्शियन ब्लू देतो आणि मुख्य म्हणजे शोधतो. रिपोर्टात ओल्गा किंवा ओल्गिम अशी पातळी मागा, शून्य ते ४. ओल्गा झिजेवरून ठरते, ओल्गिम मेटाप्लेसियावरून. ३ किंवा ४ आली तर दर तीन वर्षांनी चांगल्या दर्जाची एंडोस्कोपी, आणि घरात पहिल्या नात्यात जठराचा कॅन्सर असेल तर एक-दोन वर्षांनी. नुसतं 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' लिहून आलं तर परत पाठवायला लाजू नका.


खाजनबांध (डिचोली)

मासळीबद्दल. दोष मासळीचा नाही, मिठाचा आहे. पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) भरून ठेवलेला खारा बांगडा, सुंगटांचं (कोळंबीचं) सुकं, पारा (सुक्या मासळीचं लोणचं), चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), मिसकूट (कैरीचं लोणचं): पावसाळ्यात बाजार बंद आणि दर्या खवळलेला, तेव्हा घर याच्यावर चालायचं. आता मासळी बारा महिने मिळते, पण जीभ तिथेच राहिली.

दाट मीठ जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थर बिघडवतं. खालच्या पेशी मरतात, नव्या भराभर वाढतात, आणि जंतूला चिकटायला मोकळी जागा मिळते. प्रयोगशाळेत जास्त मिठात वाढवलेल्या काही एच. पायलोरींनी कॅगए हे प्रथिन जास्त तयार केल्याचं दिसलंय. कॅगए हा या जंतूचा सर्वांत जहाल भाग. जंतू एका सूक्ष्म सुईसारख्या रचनेतून ते थेट आपल्या पेशीत टोचतो आणि पेशीची वाढीची यंत्रणा हातात घेतो. म्हणजे मीठ आणि जंतू दोन वेगळे गुन्हेगार नाहीत, एकमेकांना साथ देणारे आहेत. जंतू नसलेल्या माणसात मिठाचा धोका बराच कमी.

जाता जाता एक गैरसमज. 'चायनीज पद्धतीची खारवलेली मासळी' जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पहिल्या गटात (कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत) घातलीय, हे फिरत असतं. ते नाकामागच्या घशाच्या कॅन्सरबद्दल आहे आणि त्या विशिष्ट पद्धतीच्या मासळीबद्दल आहे. आपल्या सुक्या बांगड्यावर ते जसंच्या तसं चिकटवू नका. एच. पायलोरी मात्र १९९४ पासून त्याच पहिल्या गटात आहे, आणि ते जठराबद्दलच.

घरी करता येण्यासारखं: खारा बांगडा मुबलक पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, पाणी दोनदा बदला, पिळून घ्या, मगच भाजा. भिजवलेलं पाणी हुमणात (कालवणात) घालू नका. किसमुरात (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) वरून मीठ नाही. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, त्यात लोणचं आणि सुकी मासळी धरून. चोरिसांत (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये) मीठ तर आहेच, काही घरांत सोरा घालतात (पिण्याचा सोरो नव्हे, पोटॅशियम नायट्रेट). त्यातून जठरात नायट्रोसो संयुगं तयार होतात, आणि आम्ल कमी झालेल्या जठरात जंतूंची गर्दी वाढल्यामुळे ती जास्त होतात. झीज झालेल्या माणसाने चोरीस सणापुरता ठेवावा. तंबाखू, बिडी, सिगारेट पूर्ण बंद. फळं-भाज्या ताज्या.

उलट बाजूही पाहा. आपल्याकडे संसर्ग इतका असूनही भारतात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जपान-कोरियापेक्षा पुष्कळ कमी आहे. याला 'इंडियन एनिग्मा' म्हणतात. कारणं पुरती उलगडलेली नाहीत, पण एक धागा जंतूच्या जातीत आहे. पूर्व आशियातल्या कॅगएची पेशीतल्या प्रथिनाला चिकटण्याची ताकद जास्त, आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य धाटणीचा कॅगए सापडतो. म्हणून इथे कॅगए अँटिबॉडीची महागडी तपासणी करून फारसं कळत नाही, पॉझिटिव्ह येणारे खूप असतात. देशातही सगळीकडे सारखं नाही. मिझोराममध्ये प्रमाण सर्वांत जास्त. तिथे तंबाखूचा धूर पाण्यात उतरवून केलेलं तुइबुर आहे, धुरावलेलं मांस आहे, आंबवलेली डुकराची चरबी आहे. संसर्ग तोच, ताट वेगळं.


काउंटरमागून (फोंडा)

मग घरात जंतू पॉझिटिव्ह असलेल्या सगळ्यांनाच औषध देऊन मोकळं व्हायला काय हरकत? जंतू गेला, धोका गेला.


मांडवीपार (पणजी)

हरकत आहे. निम्म्या देशाला दोन-दोन अँटिबायोटिक १४ दिवस द्यायची, तर उरलेल्या आजारांसाठी काय ठेवणार? क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल दोन्हींना दाद न देणारे जंतू आपल्याकडे आताच भरपूर आहेत. लहान मुलांची तर उगाच तपासणीच करू नये.


खाजनबांध (डिचोली)

सगळ्यांना नको, हे मान्य. पण या घरातल्या भावंडांना हवं. कोरियात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या पहिल्या नात्यातल्या माणसांवर झालेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्या गटात नऊ-दहा वर्षांत कॅन्सर १.२ टक्क्यांना, खोटी गोळी दिलेल्या गटात २.७ टक्क्यांना. जंतू खरोखर गेला होता त्यांच्यात आणखी कमी. प्रौढ भावंडांची श्वासाची किंवा स्टूल अँटिजेन तपासणी करा, पॉझिटिव्ह तर उपचार, आणि त्यांचंही पेप्सिनोजेन पाहा.


मांडवीपार (पणजी)

भावंडांबाबत वाद नाही. फक्त 'जंतू गेला, धोका गेला' हे वाक्य खोडा. अस्तर झिजण्याआधी जंतू काढला तर फायदा मोठा. मेटाप्लेसिया झाल्यावर काढला तर धोका घटतो, शून्य होत नाही, म्हणून पाहणी चालूच ठेवावी लागते. वडिलांच्या कॅन्सरचा जुना बायोप्सी रिपोर्ट मिळाला तर त्यात 'डिफ्यूज' (पेशी विखरून पसरणारा प्रकार) शब्द आहे का बघा. पेप्सिनोजेनवरून डिफ्यूज प्रकार पकडणं कठीण, तो झिजेच्या पायऱ्या न उतरताही येतो. घरात जठराचे दोन कॅन्सर आणि त्यातला एक डिफ्यूज, किंवा पन्नाशीआधीचा डिफ्यूज, असं असेल तर सीडीएच१ या जनुकाची चौकशी जनुकतज्ज्ञाकडे करावी.

आता औषध, म्हणजे एंडोस्कोपी झाल्यावर, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. क्लॅरिथ्रोमायसिनची तीन औषधांची किटं वर्षानुवर्षं चालली, पण जंतूची संवेदनशीलता तपासलेली नसेल तर आता पहिली पसंती बिस्मथच्या चार औषधांना: पीपीआय दिवसातून दोनदा जेवणाआधी अर्धा तास, बिस्मथ सबसायट्रेट १२० मिलिग्रॅम चारदा, टेट्रासायक्लिन ५०० चारदा, मेट्रोनिडॅझोल ४०० तीन ते चारदा. पूर्ण १४ दिवस.

कुठे फसतं ते काउंटरवर तुम्हालाच सांगावं लागेल. टेट्रासायक्लिन मिळालं नाही म्हणून कोणी डॉक्सिसायक्लिन देतं, त्याचा निकाल कमी लागतो. डॉक्टरांना न विचारता बदलू नका. टेट्रासायक्लिनबरोबर दूध, दही, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा. रात्रीची गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यायची. कोरडी गिळून आडवं झालं तर अन्ननलिकेला व्रण पडतो. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस फेणी, हुर्राक (काजूच्या रसाची हंगामी दारू), बियर काही नाही. एप्रिल-मेमध्ये कोर्स सुरू करत असाल तर हे आधीच बजावा, हुर्राकच्या दिवसांत चौदा अधिक तीन म्हणजे सतरा दिवस कोणी सहज पाळत नाही. तोंड धातूसारखं लागेल, जीभ आणि शौच काळी होईल, ती बिस्मथमुळे. डांबरासारखी चिकट, दुर्गंधीची काळी शौच आणि चक्कर हे वेगळं, तिथे लगेच हॉस्पिटल. वॉरफरिन चालू असेल तर मेट्रोनिडॅझोलआधी डॉक्टरांशी बोलणं सक्तीचं.

कोर्स संपल्यावर जंतू गेला का, हे तपासल्याशिवाय उपचार पुरा झाला असं समजू नका. अँटिबायोटिक संपून किमान ४ आठवडे, पीपीआय बंद करून २ आठवडे, मग श्वासाची तपासणी किंवा स्टूल अँटिजेन. आयजीजी नाही, ती पॉझिटिव्हच येईल आणि लोक घाबरून दुसरा कोर्स करतील. सी-१३ च्या श्वास तपासणीत उपाशीपोटी एक फुंकर, मग ७५ मिलिग्रॅम युरिया, अर्ध्या तासाने दुसरी फुंकर. सी-१४ ची कॅप्सूल असेल तर किरणोत्सार एक मायक्रोक्युरी, नगण्यच, पण गरोदर बाईला देत नाहीत. अस्तर फार झिजलं असेल तर श्वासाची तपासणीही चुकू शकते. अशा माणसात खात्री पुढच्या बायोप्सीत करावी.


काउंटरमागून (फोंडा)

समजलं. शेवटचं एक: एंडोस्कोपीआधी पँटोप्राझोल १४ दिवस बंद करायला सांगू का? ते पुढच्याच आठवड्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातायत.


मांडवीपार (पणजी)

ॲनिमिया आहे, तारीख पुढे ढकलू नका. गोळी आजपासून बंद करा, जितके दिवस मिळतील तितके. तीन वर्षांची गोळी एकदम थांबवली की आठवडाभर जळजळ उसळते. त्याला अल्जिनेटचं पातळ औषध द्या, त्याने तपासणी बिघडत नाही. आणि युरिएज निगेटिव्ह आली तरी बायोप्सीवर भर द्या. आदल्या रात्रीनंतर घन काही नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बिस्मथचं काहीही सध्या नको.


स्लाइडकाच (मडगाव)

आणि दोन बाटल्या. चिठ्ठी बाटलीवर लावायची, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.